अंगणातली बिट्टी आणि घरची मनी



या खेपेचा विषय लहान जिवाचा आहे. गाय-म्हैस नव्हे, शेळी नव्हे, घरातले मांजर. "मांजराचं काय एवढं लावून धरलंय?" असे कुणी म्हणेल. पण ज्यांच्या घरात सुगीनंतर मालदांडीच्या पोत्यांची थप्पी लागते, त्यांना मांजराची किंमत सांगायला नको. रात्री थप्पीमागे खुडबूड सुरू झाली की झोप उडते ती आपली, आणि कामाला लागते ते मांजर. त्याला ना पगार, ना पेंड. सकाळी वाटीभर दूध आणि भाकरीचा तुकडा मिळाला की त्याचे भागते. अशा या राखणदाराला आपल्याच अंगणातल्या एका देखण्या झाडापासून धोका असतो, आणि तो धोका बहुतेक वेळा आपणच त्याच्यापुढे नेऊन ठेवतो. आमच्या घरी तसेच घडले. चूक माझी होती, म्हणून आधी तीच सांगते.

आमचे मंद्रूप सोलापूरहून विजयपूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जुनी माणसे अजून विजापूरच म्हणतात. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा, मध्ये काळी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस. चैत्र-वैशाखात इथे हिरवे काही दिसले तर डोळ्याला बरे वाटते. आमच्या अंगणात न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले बिट्टीचे झाड आहे. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते लावले. बाकी सगळे करपले तरी त्याला पिवळीजर्द घंटेसारखी फुले असतात. ती फुले आत्याबाई रोज सकाळी महादेवाला वाहतात. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण नको. पाण्याची फार मागणी नाही, म्हणून कौतुक नको. असे हे गुणाचे झाड.

गेल्या चैत्रात या झाडाच्या फांद्या विजेच्या तारेला लागू लागल्या. थोरल्याने कोयत्याने पाच-सहा फांद्या उतरवल्या आणि अंगणाच्या कडेला ढीग घातला. वाळल्या की चुलीला होतील, असे मीच म्हणाले. आमच्या मनीची दोन पिल्ले तेव्हा नुकती बागडायला लागली होती. एक पिवळे, एक काळे-पांढरे. नवा ढीग दिसल्यावर ती त्यात शिरणारच. पाने हलली की झडप, हिरवे फळ घरंगळले की त्याच्यामागे धाव. आम्ही सगळी हसत बघत होतो. मनीही ढिगाशेजारी पडून राही, पिल्लांना चाटी, मध्येच एखादे पान कुरतडी. मांजर पोट साफ करायला गवत खाते हे आपण पाहिलेलेच असते. त्यातलाच प्रकार समजून कुणी लक्ष दिले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मनी रांजणाजवळ बसलेली दिसली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. तिने दोनदा ओकारी काढली, त्यात हिरवट चोथा होता. मला वाटले, उंदीर बाधला असेल. शेजारच्या अक्का आल्या. म्हणाल्या, "मिठाचं पाणी पाजा की, उलटी होऊन मोकळी हुईल." मी तिचा जबडा धरून मिठाचे पाणी ओतले. नंतर कुणी सांगितले म्हणून चमचाभर गोडे तेल, मग ताक. दुपारपर्यंत ती आडवी झाली. पाय गार पडले. हाक मारली तर नुसता कान हलवी. तीन वाजता थोरला रानातून आला आणि माझ्यावर ओरडला, "आई, हिला दवाखान्यात न्यायचं सोडून काय करत बसलीस?"

दुरडीत गोणपाट घालून मनीला गाडीवरून गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "ठोके मंद आहेत आणि मधेच चुकतायत. तुमच्या दारात कण्हेर किंवा बिट्टी आहे का?" थोरल्याचा चेहरा उतरला. त्याला ढीग आठवला. डॉक्टरांनी करायचे ते सगळे केले, पण दिवस मावळायच्या आत मनी गेली. तेवढ्यात डॉक्टरांनीच विचारले, "पिल्लं कुठायत?"

घरी येऊन बघतो तर काळे-पांढरे पिल्लू ढिगाच्या आत निपचित पडलेले, त्यात जीव नव्हता. पिवळे मात्र फिरत होते, पण त्यानेही एक ओकारी काढलेली. या वेळी मी कुणालाच विचारले नाही. मीठ नाही, तेल नाही, ताक नाही. तसेच उचलले आणि त्याच पावली परत नेले. त्याला औषधी कोळशाची पूड पाण्यात कालवून दिली, कातडीखाली सलाईन दिले, तीन दिवस ठोके तपासले. ते वाचले. आज तोच पिवळा बोका पोत्यांच्या थप्पीवर पाय पसरून झोपतो. एकाच ढिगाने तिघांना बाधा झाली. जो वेळेवर दवाखान्यात गेला तो उरला. मनीचे सहा-सात तास माझ्या घरगुती उपायांत गेले, ही टोचणी मला आजही आहे.

आता हे विष आहे तरी काय, ते समजून घेऊ.

आपल्याकडे दोन झाडांना कण्हेर म्हणतात. पहिली तांबडी, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची कण्हेर. पाने लांबट, जाड, चामड्यासारखी, आणि बहुधा तीन-तीनच्या फेऱ्यात येतात. फुलानंतर लांब शेंगा धरतात. आमच्या भागात कानडी बोलणारी घरे पुष्कळ आहेत, ती हिला कणगिले म्हणतात. दुसरी पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी. पाने अरुंद आणि तकतकीत, फूल घंटेसारखे, फळ आधी हिरवे आणि पिकल्यावर काळे, आत कठीण बाठा. पान तोडले की पांढरा चीक येतो. ही बिट्टी मुळात आपली नव्हे. ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. सोळाव्या शतकातल्या आंद्रे तेवे नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूच्या नावावरून शास्त्रज्ञांनी तिला थेवेशिया हे नाव दिले होते. तांबडी कण्हेर मात्र आपल्याकडे फार जुनी. संस्कृतात तिला करवीर म्हणतात, आणि तिचे आणखी एक नाव आहे अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी. आयुर्वेदाने तिला उपविषांत धरले आहे. म्हणजे पूर्वजांनी नावातच इशारा देऊन ठेवला होता. आपण फूल लक्षात ठेवले आणि नाव विसरलो.

दोन्ही झाडांचे पान, फूल, फांदी, साल, मूळ, बी, चीक, सगळेच विषारी आहे. बिट्टीच्या बियांत विष फार तीव्र असते. हे विष थेट हृदयावर चालते. हृदयाच्या प्रत्येक पेशीत एक बारीकसा पंप असतो म्हणा. तो सोडियमचा क्षार बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचा आत घेतो. त्याच्या चालण्यावर ठोक्याचा ताल राहतो. कण्हेरीचे विष हा पंप बंद पाडते. विहिरीवरच्या मोटारीला वीज कमी-जास्त मिळाली की ती कशी कधी घुमते, कधी अडखळते आणि शेवटी ट्रिप होते, तसे हृदयाचे होते. ठोके मंद होतात, चुकतात, आणि थांबतात.

याच जातीचे द्रव्य डिजिटॅलिस नावाच्या विलायती झाडात आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी 1785 साली त्याच्यावर पुस्तक लिहिले, आणि पुढे त्यातूनच हृदयरोगाचे औषध आले. म्हणजे मोजून-मापून, डॉक्टरांच्या हातून दिले तर औषध. नाहीतर तेच काळ. कुणी कण्हेरीचा पाला, मूळ किंवा बी घरगुती औषध म्हणून सुचवले, तर ते माणसालाही देऊ नका आणि जनावरालाही नाही.

बाधा फक्त मांजराला होते असे नाही. मोठ्या जनावरालाही कण्हेरीची दहा-वीस पाने जिवावर बेतू शकतात. केरळात कण्हेरीला अरळी म्हणतात. तिथे 2024 मध्ये एका तरुण परिचारिकेचा मृत्यू अरळीची पाने चावल्यामुळे झाल्याचा संशय आला. त्यानंतर त्रावणकोर आणि मलबार इथल्या देवस्वम मंडळांनी आपल्या देवळांतल्या नैवेद्यात आणि प्रसादात अरळीचे फूल घालणे बंद केले. देवाला वाहणे वेगळे आणि प्रसादाच्या ताटात ठेवणे वेगळे, हा त्यातला मुद्दा आपणही घेण्यासारखा आहे.

तुम्ही विचाराल, पान कडू आहे, शेळी तोंड लावत नाही, मग मांजर कसे खाईल? इथेच गोम आहे. उभ्या झाडाचे ताजे पान कडू लागते, म्हणून जनावर सहसा टाळते. पण तोडलेली फांदी सुकू लागली, पाला दुसऱ्या चाऱ्यात मिसळला, की तो भेद राहत नाही. विष मात्र सुकल्यानेही जात नाही. वाळलेले पान ओल्याइतकेच वाईट समजावे. शिवाय मांजराची रीत वेगळी. पिल्लू खेळता खेळता चावते. अंगाला चीक लागला तर मांजर तो जिभेने चाटून काढते. झाडाखालच्या भांड्यात फुले-पाने पडून पाणी विषारी झाले तर तेच पिते. आणि मांजराचे वजन ते काय? दोन-तीन किलोचा जीव. म्हशीला जे थोडे, ते त्याला पुष्कळ.

मनी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्याने कुऱ्हाड काढली. आत्याबाई काठी टेकत झाडाखाली जाऊन बसल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. "मी लावल्यालं हाय ते. माझ्या महादेवाला रोज फूल देतंय. इहिरीत पोर पडलं तर इहीर बुजवता का रे?" थोरला म्हणाला, "आज्जी, इहीर पाणी देती. हे झाड काय देतंय?" त्या म्हणाल्या, "बुजवत न्हाईत, कठडा बांधत्यात. तू कठडा न बांधता फांद्या टाकल्यास, त्यात झाडाचा काय दोस?"

मी दोघांचे ऐकत उभी होते. मुलाचा राग मला कळत होता, कारण फांद्या त्याने तोडल्या होत्या आणि ढीग ठेवायला मी सांगितले होते. पण म्हातारीचे म्हणणे खरे होते. ते झाड वीस-पंचवीस वर्षे उभे होते आणि कुणाला काही झाले नव्हते. झाले ते आम्ही पाला पसरला तेव्हा. शेवटी झाड राहिले आणि आम्ही कठडा बांधला. विटांचा नव्हे, सवयींचा. तोच तुम्हाला सांगायचा आहे.

पहिली सवय छाटणीची. कण्हेरीची किंवा बिट्टीची छाटणी केली की फांद्या एक तासही अंगणात ठेवू नयेत. मांजर, शेळी, वासरू आधी बांधून किंवा कोंडून घ्यावे. सगळा पाला वेचून गोणीत भरावा आणि गुरांच्या वाटेपासून दूर खड्डा खणून पुरावा. विहिरीजवळ किंवा ओढ्याच्या काठाला टाकू नये. चुलीत घालू नये, त्याचा धूरही वाईट. दातवणाला किंवा काही भाजायला काडी म्हणून वापरू नये. कडब्याच्या गंजीशेजारी तर मुळीच टाकू नये. कडबाकुट्टीच्या यंत्रात चार फांद्या कडब्याबरोबर गेल्या, तर दावणीची दावण आडवी होईल. छाटून झाल्यावर कोयता आणि हात साबणाने धुवावेत.

दुसरी सवय झाडलोटीची. झाडाखाली गळलेली पाने, फुले आणि फळे रोज सकाळी झाडून काढावीत. आमच्याकडे हे काम आत्याबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. झाड त्यांचे, तर झाडू त्यांचा. जमिनीपासून हाताच्या उंचीपर्यंतच्या फांद्या राहू देऊ नयेत, म्हणजे पिल्लांना लोंबकळायला काही सापडत नाही.

तिसरी सवय पाण्याची. मांजराची वाटी, कोंबड्यांचे पाण्याचे भांडे, गुरांचा हौद, यांतले काहीही या झाडाखाली नको. तांब्यात किंवा बरणीत कण्हेरीची फुले ठेवली असतील तर ते पाणीसुद्धा विषारी होते. ते मांजराच्या तोंडी लागेल असे ठेवू नये आणि गुरांच्या हौदात ओतू नये.

चौथी सवय देवघराची. निर्माल्य उंबऱ्याबाहेर पानावर ठेवायची रीत आहे. त्यात कण्हेरीची फुले असतील तर ते झाकून ठेवावे आणि त्याच दिवशी पुरावे. हाराचा दोरा लोंबत ठेवू नये, मांजराला दोऱ्याचा नाद फार. प्रसादाच्या ताटात आणि तीर्थाच्या भांड्यात हे फूल नको. महादेवाला बेल आहेच. नवीन झाड लावायचे असेल तर मोगरा किंवा देशी गुलाब लावावा. अंगणात नव्याने बिट्टी मात्र लावू नका. ज्यांच्या घरी रांगते मूल आहे त्यांनी असलेल्या झाडाचाही विचार करावा. आमच्या लहानपणी आम्ही बिट्टीच्या बिया घेऊन खेळलो आहोत. देवाने सांभाळले म्हणायचे. आता नातवंडांच्या हातात त्या देऊ नका. मुलाच्या तोंडात बी किंवा पान गेल्याचा नुसता संशय आला तरी थेट मोठ्या दवाखान्यात न्या. लक्षणांची वाट पाहू नका.

पाचवी सवय मांजराला त्याचे गवत देण्याची. मांजराला हिरवे खायची ओढ असते. फुटक्या डब्यात माती घालून मूठभर गहू पेरावेत. आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब येतात आणि मांजर ते आवडीने खाते. पण ज्वारी पेरू नका. कोवळ्या ज्वारीत विष असते आणि ती खाऊन गुरे दगावतात, हे सोलापूरकडच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. अंगणातली हरळी ठेवली तरी चालते. बांधावर पावसाळ्यात खोकली नावाचे लहान झुडूप उगवते. तिच्या मुळाच्या वासाने मांजर वेडे होते, लोळण घेते. एखादे रोप अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात आपोआप आले तर उपटू नका. मांजर बिट्टीकडे जाण्याऐवजी तिकडे जाईल.

एवढे करूनही बाधा झालीच, तर ओळखायची कशी? काही तासांतच लाळ गळू लागते, ओकाऱ्या होतात, कधी पातळ परसाकडे होते. मांजर सुस्त होऊन कोपरा धरते. पाय आणि कान गार लागतात. चालताना झोकांड्या जातात. काहींना थरथर सुटते. पुढच्या पायांच्या मागे छातीला बोटे लावली तर निरोगी मांजराचे ठोके भरभर आणि एकसारखे लागतात. बाधा झालेल्याचे मंद किंवा तालाबाहेर लागतात. सगळीच लक्षणे दिसतील असे नाही. ओकारीत पानांचा चोथा दिसला तर तेवढाच पुरावा पुरे.

मग काय करायचे? तोंडात पान असेल तर काढून टाकायचे. अंगाला चीक असेल तर ओल्या फडक्याने पुसायचे. दुरडीत गोणपाट घालून, वरून फडके बांधून लगेच गुरांच्या दवाखान्यात न्यायचे. बरोबर झाडाची एक डहाळी कागदात गुंडाळून न्यायची, जमल्यास ओकारीही. कधी खाल्ले आणि किती खाल्ले असावे, ते सांगायचे. घरात उंदरांचे औषध टाकले असेल तर तेही न लपवता सांगायचे, कारण विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजर आजारी पडते आणि त्याचा इलाज वेगळा असतो. दवाखाना लांब असेल तर 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करायची.

आणि काय करायचे नाही, हे त्याहून महत्त्वाचे. मिठाचे पाणी पाजू नका. त्याने मांजराच्या अंगात क्षार वाढतो आणि दुखण्यात भर पडते. तेल, तूप, दूध, ताक, लिंबू, काहीच पाजू नका. निपचित जनावराच्या तोंडात ओतलेले पातळ फुप्फुसात जाते. चुलीतला कोळसा कुटून देऊ नका. औषधी कोळसा निराळा असतो आणि तो किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. आणि आणखी एक, माणसाच्या तापाची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. ती पचवायची ताकद मांजराच्या यकृतात नसते. एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. आपल्याला जे औषध, ते त्याला औषधच असेल असे नाही.

कण्हेर आता नुसती अंगणात राहिलेली नाही. मोठ्या रस्त्यांच्या दुभाजकात, शाळा-कचेऱ्यांच्या आवारात ती हौसेने लावतात, कारण जनावरे खात नाहीत आणि पाणी कमी लागते. तिथली छाटणी झाली की रस्त्याकडेला पाला पडतो. गुरे-शेळ्या वळणाऱ्यांनी त्यावर लक्ष ठेवावे. काही बागांत सायकस नावाचे ताडासारखे दिसणारे झुडूप असते. तेही मांजर-कुत्र्यांना विषारी, त्याने यकृत बिघडते आणि बी सर्वांत वाईट. नर्सरीतून नवे झाड आणताना "जनावरांना चालतं का?" हा एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी.

मनीला आम्ही बांधाच्या लिंबाखाली पुरले. अक्कांनी मिठाच्या पाण्याचे फार मनाला लावून घेतले होते. मी त्यांना म्हटले, "तुम्ही सांगितलं ते चांगल्या मनानंच की. पाजलं मी." आता त्यांच्या दारची कण्हेर त्याही रोज झाडून काढतात आणि शेजारणींना दुरडीची गोष्ट सांगतात. थोरल्याने कुऱ्हाड परत कोपऱ्यात ठेवली, पण झाडाखाली पाला दिसला की अजून त्याचे पाऊल थबकते.

हा अंक वाचून झाला की एवढेच करा. उठून अंगणात आणि परड्यात एक चक्कर टाका. कण्हेर, बिट्टी कुठे आहे ते बघा. तिच्याखाली पाला आहे का, वाटी आहे का, छाटलेल्या फांद्या कुठे टाकल्यात, ते बघा. घरातल्या पोरांना ते झाड बोटाने दाखवून ठेवा. कठडा बांधायला एक सकाळ पुरते. तो आम्ही मनी गेल्यावर बांधला. तुम्ही आधीच बांधा.

असो. पुढच्या खेपेला पावसाळ्याआधी धान्याची कोठी कशी तपासायची ते बघू. तोवर आपल्या राखणदाराला सांभाळा.